ढावलोची डिस्क

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते, पण करमणूक म्हणून. तोच पिंपळ, तेच पैंजण, आणि शेवटी 'अंगावर काटा आला'... अहो, थंडी वाजली तरी काटा येतो. मी यवतमाळच्या एका कॉलेजात निवृत्त होईपर्यंत कॉम्प्युटर लॅब सांभाळली. "मॅडम, आपोआप बंद पडला" म्हणत येणाऱ्या बहुतेकांची वायर निघालेली असायची, उरलेल्यांची अक्कल. त्यामुळे भूतबित मानायला मला कधी फुरसतच मिळाली नाही. तरी हे लिहितेय, कारण झालं ते माझ्याच घरात.

मी लोहाऱ्याला राहते. नव्या लॅपटॉपना डिस्क घालायची सोयच नसते, म्हणून माझ्या जुन्या डेस्कटॉपला अजून मान आहे. मागच्या उन्हाळ्यात भर दुपारी पायल आली... माझी जुनी विद्यार्थिनी, दारव्ह्याकडच्या बंजारा तांड्यातली. सोबत तिची आई शेवंताबाई, गळ्याभोवती पदर घट्ट गुंडाळून. घशाच्या कॅन्सरमुळे त्यांचं स्वरयंत्र काढलेलं. आवाज कायमचा गेलेला, बोलणं सगळं खुणेनं.

काम होतं शेवंताबाईंच्या लग्नाच्या सीडीचं. त्यांच्यात नवरी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून रडत रडत गाते, त्याला ढावलो म्हणतात. आईनं लेकीला शिकवायचा असतो. पायल आधी हॉस्टेलला, मग पुण्यात नोकरीला, शिकायचं राहून गेलं. आता लग्न आठ दिवसांवर आणि शिकवणारीला आवाज नाही. आईचा ढावलो उरला होता तो फक्त त्या डिस्कवर.

तांड्यात दुसरी कोणी शिकवणारी नाही का, मी विचारलं.

"हायेत ना मॅडम," पायल म्हणाली. "पण मले माह्या याडीचाच, आईचाच पाह्यजे."

मी पाकीट उघडलं आणि कपाळावर हात मारला. डिस्कच्या चमकत्या बाजूला हळदकुंकवाची बोटं! दर दसऱ्याला ट्रॅक्टरच्या चावीशेजारी हिचीही पूजा, आणि चमकते ती पुढची बाजू असं समजून कुंकू नेमकं तिथं. इतक्या वर्षांचा थर. कॉम्प्युटर कुंकू वाचत नाही, हे मी दोघींना ऐकवलंच.

मग सौम्य साबणाचं पाणी, मऊ कापड, मधून कडेकडे पुसणं. डिस्क घातली. ड्राइव्ह घरघरला, थांबला, पुन्हा घरघरला, आणि 'डिस्क घाला' असा संदेश. दुसरी डिस्क घालून पाहिली, ती मुकाट चालली, म्हणजे ड्राइव्ह चांगला. प्लेयर बदलला. कॉपी करून बघितली, एररच आली. शेवटी पॅसेजमधल्या बेसिनवर डिस्क पुन्हा धुतली आणि तिथंच टॉवेलवर वाळत ठेवली.

पायलचे डोळे भरून आले होते. मला अशा वेळी धीर देता येत नाही, तोंडाचा पट्टा तेवढा सुटतो.

"रडायला शिकवणी कशाला लागते गं?" मी म्हटलं. "त्या दिवशी आपोआप येईल."

शेवंताबाईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मला लाज वाटली, म्हणून चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेले.

चहाला उकळी येत होती तेवढ्यात बाहेरून आवाज आला. बाईचा, तरुण, रडवेला, सुरात. ओळ संपली की तीच ओळ पायल म्हणायची. मी डोकावून पाहिलं. स्क्रीन काळी होती, पण आवाज चालू. पायल स्पीकरला कान लावून बसलेली, शेवंताबाई मागे दिवाणावर, ओठ मिटलेले. डिस्क वाळली असेल, पोरीनं लावली असेल... मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. बघा, साबणाचं पाणी!

बराच वेळ ते चाललं. थांबलं तेव्हा पायल डोळे पुसत होती. कॉपी करून देते म्हणत मी बटण दाबलं. ट्रे बाहेर आला, रिकामा.

"डिस्क कुठे ठेवलीस?"

"मी त हात बी नाही लावला. मले वाटलं तुमीच लावून गेल्या."

डिस्क बेसिनशेजारी टॉवेलवरच होती, कडेला अजून पाण्याचे थेंब. कॉम्प्युटरमध्ये कॉपी झालेलं काही नव्हतं, मी तीनतीनदा शोधलं. ती डिस्क त्यानंतर संध्याकाळपर्यंत घातली-काढली. एकदाही चालली नाही.

मूर्खासारखं मी शेवंताबाईंना विचारून बसले, तुम्ही गायलात का? त्यांनी पदर सैल केला, माझा हात धरून गळ्यातल्या छिद्रासमोर नेला. तळव्याला गरम श्वास लागत होता. आवाज अजिबात नव्हता.

मी स्वतःला समजावलं की इंटरनेटवरचं कुठलं तरी दुसऱ्याच बाईचं गाणं आपोआप लागलं असेल. 'आपोआप' हा शब्द मी वापरला, यावरून काय ते ओळखा.

लग्नाला मला आग्रहाचं बोलावणं होतं. निघताना पायल आईच्या गळ्यात पडली आणि ढावलो गायली, कुठेही न अडखळता. माझ्या शेजारी तांड्यातली एक म्हातारी होती. ती ऐकत राहिली, मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, "हा त शेवंताचाच हाये. तिनं तिच्या लग्नात असाच म्हटलता. पोरीले कोणं शिकवला?"

"या मॅडमनं," कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं.

म्हातारीनं माझे दोन्ही हात धरले. मी नाही म्हणाले. मग कोणी, असं तिनं विचारलं, आणि मी शेवंताबाईंकडे बोट दाखवलं.