चाचीचं माहेर

"आपलीच भाची हाय." एवढं म्हणून चाची पानाची पिंक अंगणातल्या वाळूत टाकायची आणि समोरच्या माणसाकडे अशी बघायची, की पुढचा प्रश्न विचारायची त्याची छाती होत नसे.

ऐंशीच्या दशकात तुम्ही कधी अहेरीला गेला असाल, तर तिचा तो लॉज तुम्ही पाहिला असेल. प्राणहितेच्या घाटाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, कौलारू, ओळीने पाच-सहा खोल्या आणि पुढे लांबच लांब पडवी. पाटीवर लॉज लिहिलं होतं म्हणून लॉज म्हणायचं. नदी इतकी जवळ की उन्हाळ्यात वारा सुटला की चादरीत वाळू, माठात वाळू, केसांत वाळू. चाची दिवसभर झाडत असे आणि वाळू दिवसभर येत असे. एकदा बँकेच्या एका साहेबाने वरणात वाळू लागते म्हणून तोंड वाकडं केलं, तर ही म्हणाली, "साहेब, लोकं बंबईले जाऊन वाळूत लोळते. तुमाले इथी घरबसल्या भेटून राह्यली." साहेब हसले आणि मुकाट जेवले. समुद्र तिने जन्मात पाहिला नव्हता, पण वाद घालायला काही बघावं लागतं, असं तिचं मत नव्हतं.

लॉज चाचांचा. चाचा म्हणजे दिवसातून चार वाक्यं बोलणारा माणूस. बोलण्याचं खातं सगळं चाचीकडे. तिचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. सगळं गाव चाची म्हणायचं, चाचाही "अजी" म्हणून हाक मारायचे.

मी नर्स. गावोगावच्या दायांना स्वच्छ बाळंतपण कसं करावं हे शिकवायला चांद्याहून, म्हणजे चंद्रपूरहून, अहेरीकडे माझ्या फेऱ्या असत. त्या काळी एकटी बाई हातात बॅग घेऊन लॉजच्या दारात उभी राहिली की मॅनेजर आधी तिच्या पाठीमागे बघायचा, नवरा कुठे आहे म्हणून. नवरा नाही म्हटलं की खोलीही नाही. मी दोन ठिकाणांहून अशी परत फिरून वैतागून चाचांच्या पडवीत आले. त्यांनीही तेच सांगितलं, की एकट्या बाईला खोली देत नाही. मी बॅग उचलली, तेवढ्यात आतून आवाज आला, "एकटी कुठी हाय? मी हाय ना संग."

आणि खरंच, खोलीबरोबर चाची आली. स्वतःची बाज उचलून माझ्या खोलीत टाकली, पानाचा डबा उशाशी ठेवला आणि पडल्या पडल्या घोरायला लागली. ते घोरणं काय सांगू तुम्हाला. सकाळी मी डोळे चोळत उठले तर ती म्हणे, "झोप झाली ना बरी? बाई माणसाले सोबत पायजेच."

तेव्हापासून मी तिची भाची झाले. मी चांद्याची, देवळामागच्या गल्लीत वाढलेली, घरात कांदासुद्धा तिथी बघून चिरणारी माणसं आमची. अहेरीत मात्र मी मुसलमानाघरची भाची. आणि मी एकटी नव्हते हो. त्या वर्षांत नव्या नव्या नोकऱ्या लागलेल्या पोरी त्या जंगलात येत होत्या. कोणी मास्तरीण, कोणी ग्रामसेविका, कोणी अंगणवाडीवरची बाई. एटापल्लीकडची एक गोंड मुलगी होती, तीही भाची. कोणी टपरीवर कुजबुजलं, की ही कोण, कोणासंग आली, तर चाचीचं उत्तर ठरलेलं. नाव-गाव ती आम्हालाही विचारत नसे. एकाच बाईला इतक्या जातींच्या भाच्या कशा, हा प्रश्न गावाला पडत असणारच. पण चाचीशी कोण भांडणार?

उन्हाळ्यात नदी आटली की मासेमारी करणारे ढिवर लोक वाळूत डांगरवाड्या, म्हणजे खरबुजांचे मळे लावायचे. एका संध्याकाळी आम्ही दोघी तिथे वाळूत बसून डांगर खात होतो. पलीकडच्या काठावर चुलींचा धूर दिसत होता. पलीकडे आंध्र. चाचीने हातातल्या फोडीनेच तिकडे दाखवलं.

"ते माहं माहेर."

मी म्हटलं, इतकं जवळ, मग जात का नाही कधी? ती म्हणाली, तिथं कोणी नाही. आईबाप लहानपणीच गेले. मामाने लग्न लावून दिलं, मग तोही पोट भरायला कुठे गेला कोणास ठाऊक. भाऊ नाहीच. तिला मूलही नव्हतं, पण त्याचं दुःख तिने कधी काढलं नाही. तिला खुपायचं ते हेच.

"आमच्यात बाई मेली का कफन माहेरून येते," ती म्हणाली. "माह्यं कोण आणन? चाचाच घेऊन येईन बजारातून. सासरच्या कपड्यात जाईन मी, बेवारस बाईवानी."

मी म्हटलं, चाची, काहीतरीच काय बोलता. पण मला ते आत लागलं. आमच्याकडेही शेवटचं लुगडं माहेरचंच लागतं. जिवंतपणी बाई सगळं सोसते, पण त्या दिवशी माहेराने पाठ फिरवू नये, एवढी एक आस तिला असते. भाच्या काय, येत होत्या, बदली झाली की जात होत्या. चाचीला हवं होतं ते माहेर, आणि ते काही हाताने उचलून खोलीत टाकता येत नाही.

सुजाता नावाची मास्तरीण होती. सिंदेवाहीकडची, बौद्ध घरातली, तिच्या घरात नोकरीला लागलेली पहिली मुलगी. भामरागडच्या वाटेवरच्या गावात तिची शाळा. पावसाळ्यात ती वाट बंद व्हायची, एरवी पगाराला अहेरीत यायची आणि लॉजवर उतरायची. गोड पोरगी. चाचीचा जीव होता तिच्यावर, कारण ती चाचीच्या घोरण्याला हसायची आणि तोंडावर हसायची.

एका पगाराच्या दिवशी मीही तिथे होते. सुजाताचे बाबा न कळवता आले. मुलगी लॉजमध्ये उतरते हे कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं, तिला परत न्यायचं ठरवूनच ते निघाले होते. बाप म्हणून काळजी होतीच. पण बसस्टँडवरच्या टपरीवर त्यांनी लेकीचं नाव घेतलं, तर टपरीवाला म्हणाला, अशी कोणी मास्तरीण माहीत नाही. लॉजवर चाचीची भाची उतरते, ती हवी का? पडवीत पोचेपर्यंत त्या माणसाचा चेहरा रागाने काळानिळा झाला होता. बारीक अंगकाठी, धुवट सदरा-धोतर, काखेत पिशवी. सुजाताने पुढे केलेला पाण्याचा पेला त्यांनी घेतला नाही. या घरचं पाणी नको म्हणाले, सामान बांध म्हणाले.

मग चाचीकडे वळले.

"माह्या पोरीले नाव आहे. बापाचं नाव आहे. माह्या बापानं जिंदगी तोंड लपवून काढली, आमी ते सोडलं. आमी नाव उघडं सांगतो. तुमी ते काऊन झाकून ठेवलं?"

चाचीचा बिचारीचा हेतू चांगला होता. डोक्यावर पदर घालावा तसं ती पोरींवर नातं घालत होती. पण या माणसाच्या घरात झाकून ठेवणं याचा अर्थ वेगळा होता, आणि तो तिला कधी कळायचं कारणच पडलं नव्हतं. सुजाता भिंतीला टेकून रडत होती. नोकरी गेली तर परत मिळणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं.

चाची पान थुंकून आली, तोंड धुऊन आली आणि त्यांच्यासमोर खाली बसली.

"चुकलं माह्यं," ती म्हणाली. "उद्यापासून पुरं नाव सांगन. तुमचं बी सांगन. पण भाची ती माहीच राहीन, भाऊ. तुमाले ते नातं खोटं वाटत असन त् खरं करून द्या. मले भाऊ नाई."

ते नदीकडे तोंड करून बसले. मग लेकीला विचारू लागले, शाळेत पोरं येतात का, पोरांना तुझी भाषा कळते का, गोंडी शिकलीस का तू. ती डोळे पुसत सांगत होती, दोन गोंडी वाक्यं तिने बोलूनही दाखवली. त्यांचा चेहरा हळूहळू सैल होत गेला. पोरगी खरंच मास्तरीण झाली आहे, हे त्यांना तिथे बसून कळलं असावं. आतून वरणाच्या फोडणीचा वास आला. ते चाचांना म्हणाले, "हात धुवाले पाणी कुठी आहे?"

ते जेवले. सकाळी एकटेच परत गेले. सुजाता भामरागडच्या बसमध्ये बसली.

चाचीने शब्द पाळला, नको इतका पाळला. टपरीवर, बाजारात, घाटावर, न विचारणाऱ्यालासुद्धा ती सुजाताचं नाव, बापाचं नाव, गाव, तालुका सगळं सांगत सुटली. पोस्टमन म्हणाला, "चाची, मले माहीत हाय ना, मीच त् तिची चिट्ठी आणून राह्यलो." तरी तिने सांगितलंच.

हिवाळ्यात धान निघाल्यावर सुजाताचे बाबा पुन्हा आले. खांद्यावर नव्या तांदळाचं पोतडं. पोरीकडे काम होतं, म्हणाले, आणि पोतडं पडवीत ठेवलं. पुढच्या हिवाळ्यातही तेच. मग सुजाताची बदली ब्रह्मपुरीकडे झाली, आणि मला वाटलं संपलं आता. तर त्या वर्षीही हा माणूस बसमधून उतरला, पोतडं खांद्यावर. आता कसलं काम? तर म्हणे, अहेरीत एका माणसाशी बोलायचं होतं. तो माणूस कोण हे आम्ही विचारलं नाही. चाचांशी बोलायचं म्हणावं, तर दोघं पडवीत बसून नुसते विड्या ओढत. चाची त्या तांदळाचा भात करून वाटी वाटी शेजारी पाठवायची आणि निरोप द्यायची, माहेरचे तांदूळ हाय म्हणून.

पण त्यांनी तिला बहीण म्हणून कधी हाक मारली नाही. "घ्या" आणि "येतो", एवढंच. एकदा ती मला म्हणाली, "मानते का नाई, काय मालूम. त्याचं तोंडच उघडत नाई." हसत म्हणाली, पण ते हसणं काही खरं नव्हतं. मलाच त्या माणसाचा राग आला. अरे बाबा, एक शब्द बोलायला काय जातं तुझं?

त्यानंतरच्या हिवाळ्यात मी अहेरीला पोचले तेव्हा चाची अंथरुणावर होती. छातीत पाणी झालं होतं, मी नाडी धरली आणि काय ते समजले. दवाखान्यात जायला ती तयार नव्हती आणि आता नेऊन उपयोगही नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. खरं सांगते, इतकी माणसं माझ्या हातात जन्मली आणि गेली, पण तिचा हात सोडताना मला सावरता आलं नाही.

मातीला उशीर करू नये अशी त्यांच्यात रीत. संध्याकाळपर्यंत उरकू, असं मशिदीतली मंडळी चाचांना समजावत होती. कफनाचं कापड त्यांनी मायेनेच आणून ठेवलं होतं. चाचा मान हलवत राहिले. "मायके से कपड़ा आने दो," एवढंच म्हणाले. लोकांनी एकमेकांकडे बघितलं, कारण तिला माहेर नाही हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. चाचांनी सिंदेवाहीवरून जाणाऱ्या बसच्या ड्रायव्हरपाशी निरोप दिला होता, आणि बस केव्हाच निघून गेली होती.

दुसरा दिवस उजाडला, दुपार कलली. येणार कोणी नाही, असं माझंही मन म्हणू लागलं. सुजाता नुकतीच बाळंत झालेली, ती येऊ शकत नव्हती. तिच्याशिवाय त्या माणसाने एवढ्या लांब का यावं? मंडळी पुन्हा उठून चाचांपाशी आली. आता थांबणं बरं नाही, असं यावेळी वडीलधाऱ्यांनीच सांगितलं. मला वाटलं, झालं, चाची म्हणाली होती तशीच जाणार.

तेवढ्यात बसस्टँडकडून सुजाताचे बाबा येताना दिसले. धावतच येत होते म्हणा ना. छातीशी पांढऱ्या कापडाचा जाडजूड तागा धरलेला. पडवीत येऊन त्यांनी तो माझ्या हातात दिला.

"किती लागते मले माहीत नाई," ते म्हणाले. "बहिणीले कमी पडाले नको, म्हणून पुराच आणला."

मी तागा आत नेला. बायांनी त्यातून कापड फाडलं, चाचीला आंघोळ घातली, तयार केलं. शेवटचं तोंड बघायला जवळच्यांना बोलावलं. सुजाताचे बाबा दारापर्यंत आले आणि थबकले. परक्या पुरुषाने बाईचं तोंड बघायचं नसतं. दाराशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी हात आडवा धरला आणि हळूच विचारलं, आप कौन?

चाचा आतून म्हणाले, "आने दो. साले हैं मेरे. उसके मायके से आए हैं."

त्या गृहस्थांनी हात खाली घेतला आणि बाजूला सरून वाट दिली.