चौथ्या ठोक्याची जागा

श्रीपत सोनावळेला हाक मारून उपयोग नसतो. खांद्यावर दोनदा थोपटायचं, तो वळला की तोंड त्याच्या समोर धरायचं आणि मग बोलायचं. कळंबच्या रस्त्याला आमची बौद्धवाडी आहे, तिथल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे. रसायनीच्या एका कारखान्यात श्रीपतने उमेदीची सगळी वर्षं कॉम्प्रेसरच्या खोलीत काढली. त्या खोलीने त्याचे कान ठेवून घेतले. त्याची बायको चंद्राबाई म्हणते, "ह्यांना मी बोललेलं ऐकू येत नाय. कपात चहा पडला की बरोबर येतं."

असा माणूस वाडीच्या पथकाचा मोठा ढोल वाजवतो. नुसता वाजवत नाही, सगळं पथक चालवतो. नव्या माणसाला हसू येतं, पण मैदानात उभं राहिलं की कळतं. उघड्यावर आवाज फसवतो. पुढचा ठोका मागच्या रांगेला उशिरा पोचतो, तोच डोंगरावर आपटून पुन्हा येतो, त्यात रस्त्यावरचा टेंपो, कुणाच्या शेतातला पंप. कानावर भरवसा ठेवला की हात घसरलाच. म्हणून श्रीपतचा नियम एकच: कान घरी ठेवून या, डोळे माझ्या टाचेवर ठेवा. तो सगळ्यांच्या पुढे, पाठमोरा चालतो. त्याची टाच पडली की ताशे पडतात, झांजा पडतात.

पथकाची चाल साधी आहे. तीन ठोके आणि चौथी जागा रिकामी. तीन पावलं ढोलासोबत पडतात, चौथं नुसतं मातीवर. बाहेरच्याला वाटतं, ह्यांचं काहीतरी राहून गेलं. ते राहिलेलं नाही, ठेवलेलं आहे. कारखान्यातली मशीन जुनाट होती, तीन दणके द्यायची आणि दम खायची. श्रीपतचा जोडीदार गजा त्या दम खाण्याच्या जागी लोखंडी पाना घेऊन पत्र्याच्या डब्यावर एक ठोका टाकायचा. पाळी संपेपर्यंत दोघांचा हाच खेळ. त्यातूनच त्यांनी पथकाची चाल बसवली, तीन श्रीपतचे आणि चौथा गजाचा. जयंतीच्या तोंडावर एका सकाळच्या पाळीत हवेची टाकी फाटली. श्रीपत पाणी प्यायला बाहेर गेला होता, तेवढाच वाचला; गजा आतच गेला. त्या वर्षी पथक निघालं ते चौथा ठोका न वाजवता, आणि मग तीच रीत पडली. नव्या वादकाला आधी सांगतात, ही गजाची जागा, इथं हात उचलायचा नाय.

गजाची मुलगी जागृती तेव्हा रांगत होती. आता ती अंगणवाडीत मदतनीस आहे आणि ताशांच्या रांगेत पहिली उभी राहते. बापाचा फोटोसुद्धा धड नाही तिच्याकडे. जयंतीला मैदानात चौथ्या पावलाला जी शांतता पडते, तेवढाच तिचा बाप.

ती शांतताच गेल्या वर्षापासून अडचणीत आली. मैदानाच्या मागे रिसॉर्ट झालंय. गेल्या जयंतीला तिथं कुणाचं तरी लग्न होतं. स्पीकरचा दणका मैदानावर आला आणि ताशे त्या दणक्यामागे गेले. पथक भर मैदानात विस्कटलं. लोक हसले. उत्सव समितीचा अध्यक्ष प्रबुद्ध काही वाईट माणूस नाही, पण त्याला ते हसणं लागलं. यंदाही मोडलं तर पुढच्या वर्षापासून डीजे, असं त्याने सभेत सांगून टाकलं. वर म्हणाला, "डीजेला कुणाचा आवाज आड येत नाय."

यंदा होळी झाल्याझाल्या सराव धरला. पहिल्याच संध्याकाळी ताशेवाले एकमेकांकडे बघायला लागले. चौथ्या जागेत काहीतरी वाजत होतं. मोठं नाही. खालून आल्यासारखं, एकच ठोका, बरोबर त्या जागेवर. मग कुणाचा हात आधी पडायचा, कुणाचा नंतर. सगळ्यांनी रिसॉर्टला शिव्या घातल्या.

जागृती रिसॉर्टवर गेली. तिथला मॅनेजर शौनक कर्जतचा, बोलायला गोड. ताई ताई करत त्याने तिला सगळीकडे फिरवलं. स्पीकरची वायर काढून दाखवली, पोहण्याच्या टाकीचा पंप बंद केला, जनरेटर बंद केला. आठवड्याचा मधला वार होता, पाहुणाही कुणी नव्हता. मग तो स्वतः कंपाउंडच्या भिंतीशी येऊन उभा राहिला आणि मैदानातल्या पथकाला वाजवायला सांगितलं. तीन ठोके झाले. चौथा आला. शौनकने आपल्या बुटांकडे पाहिलं, एक पाय उचलला, दुसरा उचलला. मग आत गेला. त्यानंतर तो भिंतीकडे फिरकला नाही.

प्रबुद्धने तोड काढली. कोणीतरी मधे वाजवतंय ना, मग आपणच ती जागा भरू, म्हणजे ते दबून जाईल. श्रीपतला न सांगता पोरांनी चौथा ठोका टाकून पाहिला. श्रीपतला ऐकू आलं नाही, पण चालताना मान वळवून पाहिलं तर ताशांच्या काड्या नको तिथं उठलेल्या. त्याने ढोलाचं टिपरू मातीत फेकलं. त्या दिवशी तो जे बोलला ते वाडीने त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. तुमच्याच कानात भुंगे शिरलेत, म्हणाला, मैदानात काही नाय.

जागृतीने त्याचा तळवा धरला आणि ढोलाच्या पानावर, त्या ताणलेल्या कातड्यावर, पालथा ठेवला. मग नुसत्या ताशांना वाजवायला खुणावलं. तीन झाले. चौथ्याला पान आतून वर आलं आणि त्याच्या तळव्याला लागलं.

श्रीपतने हात काढला नाही. पुन्हा तीन, पुन्हा आतून तो एक. बऱ्याच फेऱ्या झाल्या. ताशेवाल्यांचे हात दुखायला लागले, तरी तो तसाच वाकून उभा.

"पाना हाय," तो शेवटी म्हणाला. "डब्यावर मारतोय."

जागृतीने समोर येऊन विचारलं, "काका, कोण मारतोय?"

"तुला ठावं नाय त्याचा हात. तू रांगत होतीस गं."

त्या दिवसापासून ताशांची पहिली जागा सोडून जागृती शेवटच्या रांगेच्या टोकाला उभी राहायला लागली. तिला कुणी विचारलं नाही.

जयंतीच्या संध्याकाळी विहारापासून मिरवणूक निघाली. पांढरे कपडे, निळ्या टोप्या. रस्त्याने पथक बरं वाजलं. मैदानात शिरलं आणि तीन बाजूंनी आवाज अंगावर आला. रिसॉर्टवर हळद होती, तिथले स्पीकर. आईस्क्रीमच्या गाडीचा जनरेटर. आणि रस्त्याच्या कडेला डीजेचा टेंपो उभा. प्रबुद्धच्या मित्रांनी तो लागला तर असावा म्हणून आणून ठेवला होता. तोही मधूनमधून घसा साफ करत होता.

पहिली फेरी निभावली. दुसऱ्या फेरीत ताशे सुटले. श्रीपतने वळून पाहिलं, काड्या वेगवेगळ्या उंचीवर होत्या, कुणाची वर, कुणाची खाली. कडेला बसलेल्या बायांच्या तोंडावर पदर गेले. प्रबुद्धने टेंपोवाल्याला तयार राहायची खूण म्हणून हात वर केला.

श्रीपतने टिपरू आडवं धरलं. थांबायची खूण. सगळं पथक थांबलं. मग त्याने एकट्याने तीन ठोके टाकले आणि हात खाली सोडला.

चौथा आला.

स्पीकर चालू होते, जनरेटर चालू होता, तरी तो आला, कारण तो कानांनी ऐकायचा नव्हताच. कडेच्या बायांनी पाय उचलून जवळ घेतले. कुणाच्या तरी मांडीवरचं पोर रडायचं थांबलं. पुन्हा तीन, पुन्हा तो एक. रिसॉर्टवर कुणीतरी गाणं बारीक केलं, मग बंद केलं. आईस्क्रीमवाल्याने जनरेटर बंद केला. मैदानात श्रीपतचे तीन आणि तो एक, एवढंच उरलं.

शेवटच्या रांगेतून जागृतीच्या काड्या आधी पडल्या. मग बाकीच्यांच्या. आता टाचेकडे कुणी बघत नव्हतं. पथक असं कधीच वाजलं नव्हतं, वाडीतली म्हातारी माणसंही तेच सांगतात. रांगा वळल्या तेव्हा मागच्या रांगेत जागृतीच्या शेजारी एका माणसाची जागा मोकळी पडली होती. ती भरायला कुणी सरकलं नाही.

टेंपो न वाजता गेला. प्रबुद्धने पाण्याचा तांब्या आणून श्रीपतसमोर धरला आणि पुढच्या वर्षी पथकच, असं त्याला तोंड दाखवून सांगितलं. जाताजाता हसत म्हणाला, "काका, त्या मागच्याला पण टोपी द्या. एकटाच उघड्या डोक्यानं वाजवत होता."

श्रीपतने त्याचे ओठ नीट वाचले. कोण, असं त्याने विचारलं नाही. विचारत नाही म्हटल्यावर प्रबुद्धचंही हसू गेलं.

ढोल घरी खुंटीला लागला. काही दिवसांनी भर दुपारी चंद्राबाई भाकऱ्या करत होती. ढोलामागच्या भिंतीचा चुना भुरभुर खाली पडत होता. उंदीर असेल म्हणून तिने दोनदा झाडलं. तिसऱ्यांदा नवऱ्याच्या खांद्यावर थोपटून भिंत दाखवली.

श्रीपतने ढोलाच्या पानावर तळवा ठेवला. आतून एक ठोका लागला. मग दुसरा. मग तिसरा. मग काही नाही. तो थांबून राहिला. पुन्हा तीन, आणि मग काही नाही.

इतकी वर्षं तीन त्याचे होते आणि चौथी जागा गजाची. आता तीन कुणाचे आणि रिकामी जागा कुणासाठी ठेवलीय, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. टिपरू फळीवर होतं, हात लांब केला की येईल एवढ्यावर.

त्याने चंद्राबाईला जागृतीकडे पाठवलं. ती पिठाच्या हातांनीच गेली. जागृती आली तेव्हा श्रीपतने ढोल खुंटीवरून काढून कमरेशी धरला होता. त्याने पट्टा तिच्या गळ्यात घातला, टिपरू तिच्या हातात दिलं. आजपासून तू वाजवायचंस, म्हणाला, मी नुसता पुढं चालंन.

मग तो वाकला आणि पानाला तोंड लावून, बहिरा माणूस बोलतो तसं मोठ्यानं बोलला.

"थांब रं जरा. पोरीला शिकवू दे, मग येतोच."

पानावर टेकलेल्या त्याच्या तळव्याखाली आतून तीन ठोके पडले. चौथ्याला श्रीपतने हात मागे घेतला.