भिंगवाले अण्णा आणि माझा काळा पडदा

आधी कबुली देऊन टाकते. चार वर्षांपूर्वी मी स्वतःला विसराळू ठरवून मोकळी झाले होते. तेव्हा मी चौसष्टची, म्हणजे आजच्या मानानं पोरच, आणि अक्कलही पोरीइतकीच. माझ्या आईला उतारवयात आम्ही पोरं ओळखू येईनाशी झाली होती. त्यामुळे एकदा गॅसवर दूध उतू गेलं, एकदा शेजारणीचं नाव आठवेना, आणि मी धसकाच घेतला. रोज दुपारी मोबाईलवर ‘विसरायला होणे’ असं टाकून वाचत बसायचे. सुनेला कळू नये म्हणून टोपी-चष्म्याचं चित्र असलेली ती खाजगी खिडकी उघडायची; तिच्यात बघितलेल्याची नोंद मागे उरत नाही. सुनेपासून लपतं ते माझ्यापासूनही लपेल, हे काही डोक्यात आलं नाही. दुसऱ्या दिवशी कालचं शोधायला जावं, तर सगळं कोरं! मग मला वाटायचं, आपण वाचलंच नव्हतं, नुसता भास झाला. आठवड्याभरात खात्री पटली. हे आईचंच दुखणं.

फोनच बिघडला असेल, या शेवटच्या आशेवर मी उचगावात भिंगवाल्या अण्णांचं दुकान गाठलं.

अण्णा मूळचे घड्याळवाले. लोकांच्या मनगटावरची घड्याळं कमी झाली तसे ते मोबाईलकडे वळले, पण डोळ्याला लावायचं भिंग काही सुटलं नाही. फोनचा आवाज बारीक येतोय म्हणून सांगितलं, तरी आधी भिंग चढायचं. त्यांच्या लेकीला मी शाळेत शिकवलेलं, म्हणून मला ‘बाई’ म्हणायचे आणि शिकवण्याची संधी मात्र सोडायचे नाहीत.

गिऱ्हाइकाचा फोन ते सहसा हातात घेत नसत. “बोट तुमचं चालवा. मी दाबलं तर मला येतंय, तुम्हाला न्हाय.” कुणी कुलपाचा नंबर टाकायला लागलं की चक्क भिंतीकडे तोंड करून बसायचे. एकानं विचारलं, “अण्णा, रुसलासा काय?” तर म्हणाले, “घड्याळ दुरुस्त करताना घड्याळ बघायचं पावणं, मनगट न्हाय.”

“फोन सगळं विसरतोय,” मी म्हटलं.

“फोन इसरतोय का तुमी?” त्यांनी आपली सहज चेष्टा केली, आणि माझ्या डोळ्यांत टचकन पाणी. अण्णांनी भिंग काढून ठेवलं. भिंगाशिवायचे अण्णा मी पहिल्यांदाच बघत होते.

“बाई, ह्यो पडदा काळा का हाय?”

“मीच केलाय. घरात कळू नये म्हणून.”

“मग त्येचा काय गुन्हा? लपव म्हणालासा, लपवलं त्येनं. आता वरच्या चौकोनात आकडा हाय बघा, त्यो दाबा.”

दाबला. काळ्या खिडक्या एकाखाली एक उभ्या राहिल्या.

“एकेकीला फुली मारा. सगळ्या. हां. आता कायतरी शोधा, बंद करा, आन् परत उघडून बघा.”

गडबडीत मला ‘थालीपीठ’ सोडून काही सुचेना. तेच टाकलं, बंद केलं, उघडलं. यादीत सगळ्यात वर थालीपीठ! उभ्या जन्मात थालीपीठ बघून मला एवढा आनंद झाला नव्हता. वर्गात ‘पाटी पुसून ठेवा रे’ म्हणून ओरडण्यात माझी सगळी नोकरी सरली, आणि शेवटी मीच स्वतः पुसलेल्या पाटीवर कालचं गणित शोधत बसले होते.

चोरून काय वाचत होते, ते अण्णांनी विचारलं नाही. मीच आईपासून दुधापर्यंत सगळं सांगून टाकलं.

त्याच आठवड्यात सुनेला घेऊन डॉक्टरांकडे जाऊन आले. वयाच्या मानानं ठीक आहे, म्हणाले. आता काही विसरलं की मीच आधी घरभर बोंब मारते आणि सगळे मिळून हसतो. अण्णांचे मात्र गेल्या वर्षी हात थरथरायला लागले. दुकान बंद करून ते लेकीकडे गारगोटीला गेले.

मी सुनेला सांगितलं, ते काही माझ्या शहाणपणानं नाही. त्या दिवशी मी दुकानाची पायरी उतरत होते, तेव्हा अण्णा मागून म्हणाले होते, “बाई, काय बघायचं ते खुशाल चोरून बघा. पर भ्या वाटतंय, एवढं तरी घरात एकाला सांगा. एकटीनं भ्यायचं वय ऱ्हायलंय व्हय तुमचं?”