घारीची तहान

कोल्ड्रिंकच्या कारखान्यात माणसाला तहान लागते, हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. पण त्या पत्र्याच्या हॉलमध्ये बाटल्या धुण्याचं पाणी दिवसभर उकळत असे, आणि बाटल्या सरकत्या पट्ट्यावर चढत तेव्हा त्यांच्या अंगातून वाफा निघत असत. धुतलेली प्रत्येक रिकामी बाटली भरायला जाण्याआधी एका पांढऱ्या दिव्यासमोरून सरकायची. त्या दिव्यासमोर अकरा वर्षं एकच बाई बसत होती.

कुठे तळाशी चिकटलेलं मेण, कुठे मेलेलं झुरळ, कुठे तोंडाला केसाएवढी चीर. तिच्या नजरेतून काही सुटत नसे. म्हणून सगळे तिला घार म्हणत. घरी सासूबाईंना सुईत दोरा ओवता आला नाही की त्याही हाक मारत, "दे गं, आमच्या घारीकडे दे."

पिण्याच्या पाण्याचा नळ अंगण ओलांडून पार फाटकापाशी होता. बाहेरचं काही आत आणायला बंदी होती. मात्र हॉलच्या कोपऱ्यात कारखान्याच्याच मालाने भरलेला एक फ्रीज होता, आणि कामगारांनी त्यातलं हवं तितकं प्यावं, फुकट. दिवा सोडून उठायचं नाही, म्हणून धुलाईवरची मावशी येता-जाता घारीच्या हातात एक गार बाटली उघडून द्यायची. दिवसाला सहा, कधी सात. अकरा वर्षांत घारीने त्याला पाणीच मानलं होतं.

लग्नानंतर नऊ वर्षांनी तिला दिवस गेले. सहाव्या महिन्यात डॉक्टरबाईंनी तपासणीचा कागद पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"रक्तात साखर वाढलीय. गोड खाता का?"

"शिवतसुद्धा नाही. चहा बिनसाखरेचा पिते. हवं तर सासूबाईंना विचारा."

सासूबाई शेजारीच होत्या. त्यांनी मान डोलावली. "खरं आहे हो. माझ्या डोळ्यांसमोर असते."

"आणि कामावर? कामावर काय पिता?"

"तिथं काय, कोल्ड्रिंक. पण ते काही खाणं नव्हे."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "किती?"

घारीने सांगितलं.

"एका बाटलीत पाच-सहा चमचे साखर असते, बाई," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आजपासून बंद. पंधरा दिवसांनी पुन्हा तपासू. उतरली नाही, तर रोज सुई टोचून घ्यावी लागेल. अशा साखरेत बाळ नको इतकं वाढतं, आणि मग बाळंतपण दोघांच्याही जिवावर बेततं."

घरी येताना सासूबाई काहीबाही बोलत होत्या. घारीचं लक्ष नव्हतं. हजारो बाटल्यांतली घाण तिने वेचून काढली होती, आणि स्वतःच्या हातातली बाटली कधी दिव्यासमोर धरली नव्हती. तिला रडू आलं नाही. राग आला, आणि तो दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उतरला नाही.

सकाळी तिने धुतलेली एक बाटली स्वतः पारखली, फाटकाच्या नळावर भरली आणि दिव्याशेजारी ठेवली. सुपरवायझर आला.

"हे काय?"

"पाणी."

"बाहेरचं आत आणायचं नाही, माहीत आहे ना?"

"बाहेरचं कुठलं? बाटली तुमची, नळ तुमचा. फक्त तहान माझी."

त्याने बाटली उचलून मोरीत ओतली. "फ्रीज भरलाय. प्यायचं तर त्यातलं पी."

घारीने भिंतीवरच्या फळ्याकडे बोट दाखवलं. दिव्यासमोर माणूस नसेल तर पट्टा बंद ठेवावा, असं त्यावर त्याच्याच सहीने लिहिलं होतं. तिने गुडघ्याजवळचं लाल बटण दाबलं. खणखणाट विझला. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये फक्त पाणी ठिबकण्याचा आवाज उरला. कमरेवर हात ठेवून, सावकाश, ती अंगण ओलांडून गेली, पोटभर पाणी प्यायली आणि तशीच सावकाश परत आली.

तासाभराने पुन्हा उठली. मग पुन्हा.

"रजा घे आणि घरी बस!" सुपरवायझर ओरडला.

"वेळ आली की घेईन. मी आजारी नाही, तहानलेली आहे."

घरी सासूबाई घाबरल्या. "नोकरी घालवशील गं."

"गेली तर दुसरी बघेन, आई. हे एक गेलं तर कुठून आणू?"

सासूबाईंनी पाण्याचा तांब्या भरून तिच्यापुढे ठेवला.

तिसऱ्या दिवशी ती उठताच सुपरवायझर स्वतः तिच्या खुर्चीवर बसला. म्हणाला, पट्टा थांबणार नाही. पाच मिनिटांत त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. एक चीर गेलेली बाटली त्याच्या नाकासमोरून निघून गेली आणि भरण्याच्या यंत्रात फुटली. काचा काढण्यात निम्मा दिवस गेला.

"घारीच्या जागी घुबड बसवलं की दुसरं काय होणार?" मावशी मोठ्याने म्हणाली. धुलाईवरच्या बायका हसल्या, आणि त्यांना कुणी गप्प करू शकलं नाही.

मोठे साहेब खाली आले. घार खुर्चीवरून उठली नाही.

"काय हवंय तुम्हाला?"

"पाणी. इथं, माझ्या हाताशी."

"एवढ्यासाठी कारखाना बंद पाडलात? फ्रीजमधलं चालत नाही?"

"ते तुम्ही प्या, साहेब. माझ्या पोटातल्याला पाणी लागतं." तिचा हात लाल बटणावर होता. "तुम्ही सांगा. दाबू?"

साहेबांनी तिच्या हाताकडे पाहिलं, मग तिच्या पोटाकडे. दुपारी दिव्याशेजारी तोटीचं एक पिंप आलं. पहिला पेला मावशीने भरला आणि घारीच्या हातात दिला.

पंधरा दिवसांनी डॉक्टरबाईंनी नवा कागद दोनदा वाचला.

"उतरली की हो! काय केलंत तुम्ही?"

घारीने पदर नीट केला. "पट्टा थांबवला," ती म्हणाली.