गयामावशीच्या पोटात न राहिलेली गोष्ट

गयामावशीच्या पोटात कधी काही राहिलं नाही. कुणाची गाय गाभण राहिली, कुणाची सून रुसून माहेरी गेली, कुणाच्या बोअरला पाणी लागलं, सगळं सकाळी डेअरीवर जाताना तिच्या जिभेवर आणि परत येईपर्यंत गावभर. एकदा मला बघायला पाहुणे आले आणि नंतर त्यांनी नकार कळवला. तो माझ्याआधी गावाला कळला होता. मी चार दिवस तिच्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी दह्याची वाटी घेऊन आली नि म्हणाली, "त्या पोराला अक्कल न्हाई, हे लोकांना नको व्हय कळायला?" आता यावर काय रागवायचं.

मिरजगावच्या अलीकडे आमचं गाव. आमची आणि तिची भिंत एकच. अलीकडे आमची ओसरी, पलीकडे तिचा गोठा. आम्ही चार पिढ्यांचे ख्रिस्ती, ती हिंदू शेतकऱ्याच्या घरातली. नाताळात आमच्या करंज्या तिकडे जायच्या, दिवाळीत तिच्या इकडे यायच्या. देवाधर्माचं बोलणं तेवढ्यावर भागायचं.

माझे वडील, अण्णा, रोज संध्याकाळी ओसरीवर बसून मोठ्यानं शास्त्र, म्हणजे बायबल, वाचत. जुने शाळामास्तर, आवाज खणखणीत. ते गेले आणि घरात मी एकटी उरले. शाळेत शिकवून यायचं आणि दार लावून घ्यायचं. चर्चला जाणं सोडलं. कुणी 'देवाची इच्छा' म्हटलं की डोकं तडकायचं. खरं सांगायचं तर माझा सगळा विश्वास अण्णांच्या आवाजावर होता. तो आवाज थांबला आणि आत काही शिल्लक राहिलं नाही.

महिन्याभरानं मावशी दारात उभी. "सुनंदा, म्हस पान्हा चोरती. तिला अण्णांचं वाचन ऐकायची सवय हुती. तू वाच की जरा."

म्हशीसाठी शास्त्र वाचणारी अख्ख्या नगर जिल्ह्यात मी एकटीच असेन. अण्णांची खूण होती तिथून सुरुवात केली. मन नव्हतं, हजेरी घ्यावी तसं वाचत होते. म्हशीनं पान्हा सोडला की नाही कोण जाणे, पण भिंतीपलीकडून धारेचा आवाज मधेच थांबायला लागला आणि प्रश्न यायला लागले. "त्या आंधळ्याला मंग दिसलं का?" "त्या बाईला दगडं मारली का सोडली?" तिसऱ्या आठवड्यात बादली तिथंच ठेवून ती ओसरीवर येऊन बसली.

मग तो भाग आला. त्याला धरलं, मारलं, क्रुसावर खिळलं, कबरीत ठेवून तोंडाशी धोंड लोटली. पुढचं पान आम्ही अण्णांना माती देताना वाचलं होतं. ते माझ्या तोंडून फुटेना. मी पुस्तक मिटलं.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं," मी म्हणाले. तिनं पदरानं डोळे पुसले आणि काही न बोलता गेली. गयामावशी, आणि काही न बोलता.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर ती आमच्या पायरीवर बसलेली. फडक्यात भाकरी, पातेल्यात पिठलं. आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी जेवण आणतात. अण्णा गेले तेव्हाही तिनंच आणलं होतं. मी घाबरून विचारलं, "कोण गेलं?"

"कोन म्हंजे? तुमच्याच घरचं मानूस न्हवं का ते? मला कालपासून घास उतरंना." मग म्हणाली, "त्याच्या आईला कुनी भाकरी नेली असंल का गं?"

जन्मापासून ही गोष्ट ऐकत आले, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. फार लाज वाटली. म्हटलं, "मावशी, मी काल खोटं बोलले. पुढं आहे अजून."

पुस्तक आणलं. पहाटे बायका कबरीकडे जातात, धोंड बाजूला झालेली असते, आत तो नसतो. मावशी टक लावून बघत होती.

"उठला?"

"हो."

"आन् हे तुमच्या घरात इतकी वर्सं हुतं? ह्या भिंतीच्या अल्याड? आन् मला कुनी बोललं न्हाई?"

आम्ही करंज्या देत होतो.

"मंग अण्णा बी उठनार की," ती म्हणाली. "दार लावून काय बसलीस येड्यावानी."

अण्णा गेल्यापासून मी रडले नव्हते. त्या दिवशी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पोटभर रडले. मग दोघींनी मिळून पिठलं-भाकरी खाल्ली.

त्या संध्याकाळी डेअरीच्या रांगेत तिनं सगळ्यांना सांगितलं. दूध मोजणारा हसला, "मावशी, जुनी गोष्ट हाय ती. दोन हजार वर्सं झाली."

"मला तर आज कळली न्हवं?" मावशी म्हणाली.

पुढं गिरणीत, एसटीत, लग्नाच्या पंगतीत तिचं तेच. मुलगा वैतागायचा, "आई, लोक काय म्हंतील?" तर म्हणायची, "म्हनू दे. मी कुनाला काय घ्या म्हनती का? कळलं ते सांगती." मी पुन्हा चर्चला जायला लागले ती तिच्यामुळं. तिला रविवारी सोबत हवी असायची. पहिल्या बाकावर बसून ती पाळकसाहेबांना उपदेशाच्या मधेच प्रश्न विचारायची. माझ्या मनातल्या शंका सगळ्या फिटल्या असं म्हणणार नाही, पण तिच्या शेजारी बसलं की त्या गप्प बसायच्या.

गेल्या वर्षी तिला नगरच्या दवाखान्यात ठेवलं. चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी पोचले, तेव्हा तिची खाट रिकामी होती. सकाळीच गेली होती. मुलगा खाली कागदपत्रं करत होता. मी त्या खाटेशी नुसती उभी राहिले. शेजारच्या खाटेवर सलाईन लावलेली एक बाई होती, पाथर्डीकडची.

"तुमी कोन मावशीच्या?"

"शेजारीण."

"लई बोलायची," ती म्हणाली. "चार दिस माझ्या मागंच लागली हुती." मग कोपरावर जोर देऊन ती थोडी उठली, माझ्याकडे सरकली आणि हळूच म्हणाली, "ताई, तुमाला म्हाईत हाय का? एक मानूस हुता. त्याला मारून पुरला, वर ही मोठी धोंड लोटली..."

"नाही," मी म्हणाले आणि तिच्या खाटेच्या कडेला टेकले. "सांगा. पुढं काय झालं?"