ते रेगे कुणी रचलं?

ती मुलगी मला अजून आठवते. मी सातवी शिकलेली, हवालदार म्हणून निवृत्त झाले. गाण्यातलं मला काही कळत नाही, हे आधीच सांगते.

विश्रांतवाडीजवळची एक वस्ती महापालिका पाडणार होती. वस्तीतल्या चार मुली गिटार आणि ढोलकी घेऊन चौकात गायला लागल्या. खबऱ्याने आमच्या चौकीच्या साहेबांना कळवलं, पालिकेविरुद्ध चिथावणी चालू आहे. दुपारी गाणारीला चौकीत आणलं. मुलीची चौकशी, म्हणून मला शेजारी बसवलं.

"हे कसलं गाणं?" साहेबांनी विचारलं.

"रेगे. जमैकातल्या गरिबांनी काढलेलं. राग असतो, पण तो डोलत सांगायचा."

"वा. गुन्हा दाखल झाला की आत बसून डोल. शब्द कुणाचे?"

दोन तास विचारूनही तिने नाव सांगितलं नाही.

साहेबांनी मला खबऱ्याने मोबाइलवर घेतलेलं गाणं कागदावर उतरवायला सांगितलं. मी हळू लिहिते, त्यामुळे दहा वेळा ऐकलं. चिथावणी ऐकताना माझा पाय हलत होता. तो मी टेबलाखाली दाबून धरला. गाण्यात घराघरातला केर होता. कुणाकडे औषधांची रिकामी पाकिटं, कुणाकडे बांगड्यांच्या काचा. शेवटी, आता आम्हालाच केर म्हणता का? गाणं नळापाशी सुरू होऊन गल्लीगल्लीतून कचराकुंडीपाशी संपत होतं. घरी जाणारं माणूस असं चालत नाही. झाडणारं चालतं.

साहेब फोनवर बोलायला बाहेर गेले तेव्हा मी विचारलं, "आई काय करते गं?"

इतका वेळ ताठ बसलेली पोरगी रडायला लागली. "मावशी, ती पालिकेत झाडूवाली आहे, कंत्राटी. तिचं नाव आलं तर उद्याच काढतील. घर जाणारच आहे. कामही जाईल."

मी तिला पाणी दिलं. तेवढ्यात साहेब आले.

"काय बाई, कवी सापडला?"

"वस्तीचं गाणं आहे साहेब. दोनशे घरं आहेत. आणायची का सगळी?"

साहेबांनी मुलीला समज देऊन सोडलं.

लोकांना बोलतं करायला मी नोकरीत शिकलेच होते. कळलेलं पोटात ठेवायला त्या दिवशी शिकले. चूक असेल तर असो.

महिन्याभराने वस्ती पाडली. बंदोबस्ताला साहेबांबरोबर मी होते. मुली गात होत्या. पालिकेने राडारोडा आवरायला नेमकं त्या पोरीच्या आईलाच पाठवलं होतं; चेहरा तोच होता. ती मान खाली घालून झाडत होती, आणि तिचा खराटा गाण्याच्या ठेक्यावर पडत होता. साहेबांची नजर तिकडे वळायच्या आत मी मध्ये जाऊन उभी राहिले.