मामीच्या काचेतला गोलकीपर

आमच्या मामीने आयुष्यभर लोकांना "हलू नका" एवढंच सांगितलं. तिचा स्टुडिओ एका खोलीचा, काम ओळखपत्राच्या फोटोंचं. हनुवटी वर, खांदे सरळ, दात झाका. माणूस जिवंत असल्याचा पुरावाच पुसून टाकायचा धंदा, असं मी तिला चिडवते. ती म्हणते, "तुझा चहा त्यातूनच येतो. गप पी."

पण तिच्या आतल्या खोलीची भिंत बघा! वर्तमानपत्रांतून कापलेले फोटोच फोटो. आडव्या दांडीवरून पाठीवर तरंगत जाणारी उंच उडीवाली, एकमेकांना भिडलेले कुस्तीगीर, गिरकी घेताना केस तोंडावर आलेली नर्तकी. कोण जिंकलं, कोण हरलं, मामीला पत्ता नसतो. ती मानेची ताणलेली शीर दाखवते, हवेतला घामाचा थेंब दाखवते आणि म्हणते, "नुसत्या डोळ्यांना हे दिसतं का कधी? आपण बघेपर्यंत संपलेलं असतं." असा एक तरी फोटो आपल्या हातून निघावा, ही तिची जन्माची हौस.

मामा बसडेपोत मेकॅनिक. पन्नाशी उलटली तरी डेपोच्या टीमचा गोलकीपर, कारण तिथे पळावं लागत नाही. परवा अग्निशमन दलाच्या पोरांशी मॅच होती. मामी कॅमेरा घेऊन गोलच्या खांबाशेजारी गवतात चक्क पालथी पडली. अगदी शेवटी बॉल आला, मामा पडला, बॉल जाळीत गेला आणि डेपो हरला. "पोतं टाकावं तसा पडलास," असं त्याचे दोस्तच म्हणाले. मामाने हातमोजे काढून दुसऱ्याला देऊन टाकले. "झालं आता माझं वय," म्हणाला. मला त्याचं ते तोंड बघवेना.

आणि मामीने काय करावं? नेमका त्याच क्षणाचा फोटो मोठा करून दुकानाच्या काचेत लावला! डेपोतली माणसं जाता-येता थांबायला लागली. मामाने जेवता जेवता ताट सरकवलं.

"माझी फजिती चव्हाट्यावर मांडलीस!"

"अहो, फोटो बघितलात का तरी?"

"मी तिथंच होतो. बघायचंय काय त्यात?"

मामीचे डोळे भरले. उभ्या जन्मात एक फोटो मनासारखा आला होता. "तुम्हीच काढा," ती म्हणाली. "माझ्याच्यानं होणार नाही."

दुसऱ्या दिवशी मामा स्क्रूड्रायव्हर घेऊन दुकानात हजर. मी स्टूल धरलं. फ्रेम खाली घेताना त्याची नजर पडायची ती पडलीच. शर्ट वर सरकून पोट उघडं, गाल एकीकडे ओढलेला, बोटं फाकलेली, बॉल त्यांच्यापासून जेमतेम चार बोटं लांब. आणि बुटांखाली नुसती हवा. दोन्ही पाय जमिनीपासून चांगले हातभर वर.

मामा बघतच राहिला. "अगं, हे पाय..."

"तुमचेच. मी काय दोरीनं टांगलं होतं तुम्हाला?"

"मला वाटलं, मी जागच्या जागी कोसळलो," तो म्हणाला. "मी उडी मारली होती की गं."

मामाने बाहीने फ्रेमची काच पुसली, फ्रेम माझ्या हातात दिली आणि पुन्हा स्टुलावर चढला.

"दे इकडे. जरा वर लावू. खाली तुझ्या त्या दरांच्या बोर्डामुळे पाय झाकले जातात."